मूळ पोथी कोणती, ते आधी सांगा

एक दोन-रकानी पत्रक नुकतेच आमच्या हाती आले. डाव्या रकान्यात १६११ च्या इंग्रजी ‘किंग जेम्स’ बायबलातील वचने, उजव्या रकान्यात अलीकडच्या भाषांतरांतील तीच वचने, आणि उजवीकडे जेथे शब्द कमी भरले तेथे तांबड्या शाईची फुली. तळाशी निकाल दिलेला: नव्या भाषांतरकारांनी देवाच्या वचनाला कात्री लावली. गंमत अशी की, असली पत्रके दुसऱ्या एका गोटातही तितक्याच आवडीने वाचली जातात. तेथे निकाल वेगळा लागतो. ज्या ग्रंथाच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, तो ग्रंथ मुळातच भ्रष्ट, असे तेथे म्हणतात. पहिला भाविक आहे, दुसरा निंदक आहे. चूक मात्र दोघांची एकच. भाषांतराला भाषांतराशी ताडून अचूकपणा ठरत नाही. भाषांतर बरोबर की चूक, हे विचारण्यापूर्वी ते कोणत्या संहितेचे भाषांतर आहे, हे विचारावे लागते.

पत्रकातील ठळक फुली योहानाच्या पहिल्या पत्रातील ५:७ या वचनावर आहे. स्वर्गात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे साक्ष देतात व ते तिघे एक आहेत, अशा अर्थाचे शब्द किंग जेम्समध्ये आहेत. नव्या भाषांतरांत ते नाहीत. आता मूळ ग्रीक पोथ्यांकडे वळावे. हे शब्द असलेल्या ग्रीक पोथ्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्या सर्व उत्तरकालीन आहेत, आणि त्यांतल्या काहींत तर ते समासात मागाहून लिहिलेले आहेत. हे शब्द लॅटिन परंपरेत वाढले व तेथून ग्रीक संहितेत शिरले. एरास्मसने १५१६ साली बाझेल येथे ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात हे शब्द नव्हते. १५१९ च्या आवृत्तीतही नव्हते. त्यावर टीकेचे मोहोळ उठले. मग हे शब्द असलेली एक ग्रीक पोथी पुढे आली, ती आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत एरास्मसने ते शब्द घातले. लूथरच्या हयातीत निघालेल्या त्याच्या जर्मन बायबलात ते नाहीत. तेव्हा ‘गाळले’ हा शब्दच येथे खोटा आहे. जे मुळात नव्हते, ते कोणी गाळावे?

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. प्रकटीकरणासाठी एरास्मसच्या हाती एकच ग्रीक पोथी होती आणि तिचे शेवटचे पान हरवले होते. छपाईची घाई होती. त्याने शेवटची काही वचने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये उलटी भाषांतरित केली. त्यामुळे २२:१९ मध्ये ग्रीक पोथ्यांतील ‘जीवनाचे झाड’ जाऊन तेथे लॅटिनमधील ‘जीवनाचे पुस्तक’ आले, आणि पुढे तेच किंग जेम्समध्ये उतरले. ज्या वचनांत या ग्रंथातून काही काढू नये, यात काही घालू नये अशी ताकीद आहे, त्याच वचनांत हे घडले. किंग जेम्सच्या भाषांतरकारांना आम्ही दोष देत नाही. ते विद्वान होते, प्रामाणिक होते, आणि त्यांचे इंग्रजी शतकानुशतके टिकले. परंतु चौथ्या शतकातील सिनाई पोथी त्यांना ठाऊकच नव्हती. ती टिशेन्डॉर्फच्या १८४४ व १८५९ च्या सिनाई-भेटींमुळे विद्वानांपुढे आली. तितकीच जुनी व्हॅटिकन पोथी रोमच्या ग्रंथालयात होती, पण ती त्यांच्या हाती नव्हती. जे भांडवल होते, त्यावर त्यांनी व्यवहार केला. आज भांडवल वाढले असता जुन्याच वहीवर हिशेब मांडण्याचा हट्ट धरणे, ही निष्ठा नव्हे.

‘पण जुन्या पाठाच्या बाजूने पोथ्यांची संख्या मोठी आहे,’ असे कोणी म्हणेल. वर सांगितलेल्या दोन्ही ठिकाणी तर संख्याही जुन्या छापील पाठाच्या विरुद्ध आहे. अन्यत्रही एका पोथीवरून उतरलेल्या शंभर पोथ्या ही शंभर साक्षीदारांची साक्ष ठरत नाही. ती एकाच साक्षीदाराची शंभरदा सांगितलेली साक्ष असते. पोथी किती जुनी, तिचे कुळ कोणते, लेखनिकाची चूक कोठे संभवते, हे सारे पाहूनच पाठ ठरतो. नुसती जुनी म्हणूनही पोथी निर्दोष ठरत नाही.

निंदकांना आमचे उत्तर याहून थोडके आहे. जॉन मिल या इंग्रज पंडिताने १७०७ साली नव्या कराराचे सुमारे तीस हजार पाठभेद गोळा करून छापले, तेव्हाही असाच गिल्ला झाला होता. त्यावर रिचर्ड बेंटलीने १७१३ मध्ये दाखवून दिले की, पोथ्या अधिक तेथे पाठभेद अधिक, आणि पोथ्या अधिक तेथेच मूळ पाठ सापडण्याची आशाही अधिक. ज्या ग्रंथाची एकच पोथी उरली, त्यात पाठभेद शून्य. पण त्या पोथीतील चूक पकडायला साधन उरत नाही. नव्या कराराच्या आज पाच हजारांहून अधिक ग्रीक पोथ्या नोंदलेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य भेद शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे किंवा उघड हस्तदोषाचे आहेत. काही भेद मोठे आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने सिनाई व व्हॅटिकन या दोन्ही पोथ्यांत नाहीत. योहानातील व्यभिचारी स्त्रीची हृद्य कथाही त्यांत नाही.

मराठी वाचकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून तिचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या पदरची ओवी मिसळू नये, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ मध्ये ते सिद्धीस नेले. त्यात व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. म्हणून कोणाच्या घरचा गणपती बसायचा राहिला नाही. एकनाथांना शोधक म्हणायचे आणि तेच काम ग्रीक पोथ्यांवर करणाऱ्याला धर्मबुडवा म्हणायचे. किंवा महाभारताच्या पाठभेदांत परंपरेची समृद्धी पाहायची आणि बायबलच्या पाठभेदांत लबाडी पाहायची. हे दोन्ही न्याय लंगडे आहेत.

श्रद्धेला धक्का बसेल, ही सबब आम्हांला मान्य नाही. त्रैक्याचा सिद्धान्त निकिया येथे ३२५ साली आणि कॉन्स्टॅन्टिनोपल येथे ३८१ साली ठरला. त्या कडाक्याच्या वादात ग्रीक धर्माचार्यांनी योहानाच्या पत्रातील ते शब्द आधारास घेतले नाहीत, कारण त्यांच्या पोथ्यांत ते नव्हते. त्या शब्दांवाचून जो सिद्धान्त उभा राहिला, तो ते गेल्याने कसा पडेल? खुद्द रोमनेही १९७९ च्या नव्या लॅटिन बायबलातून ते वगळले. श्रद्धेला खरा धक्का बसतो तो माणसाला सत्य उशिरा आणि परक्याच्या तोंडून कळते तेव्हा.

आमचा खरा आक्षेप प्रकाशकांवर आहे. पाठभेदाची टीप वाचकाला गोंधळात टाकील म्हणून ती गाळायची, भाषांतर कोणत्या संहितेवरून केले ते प्रस्तावनेत सांगायचे नाही, आणि वाचक पत्रकाला बळी पडला की त्यालाच अज्ञानी म्हणायचे, ही रीत सोडली पाहिजे. आपल्याकडे याहून चांगले आदर्श आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात आपला ओवीबद्ध ग्रंथ छापला, त्याला त्यांनी पुराण म्हटले. भाषांतर म्हणून तो कोणाच्या गळ्यात घातला नाही. पंडिता रमाबाई केडगावी हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून मराठी बायबल करण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. इंग्रजीवरून उतरवणे त्यांना सहज शक्य होते. मुळाशी गेल्याशिवाय आपल्या बायकामुलींच्या हाती ग्रंथ देऊ नये, इतकी त्यांची चाड मोठी होती.

तेव्हा मराठी वा कोंकणी बायबल ज्याच्या घरी आहे, त्याने ते आज उघडावे. योहानाचे पहिले पत्र ५:७ पाहावे. प्रकटीकरण २२:१९ मध्ये झाड आहे की पुस्तक, ते पाहावे. मार्कच्या अखेरीस काही टीप आहे का, ते पाहावे. मग प्रस्तावना वाचावी. तेथे मूळ संहितेचे नाव नसेल, तर प्रकाशकाला एक पत्र लिहून ते विचारावे. ते पत्रक फाडून टाकण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे आहे.