तीर्थाचे पाणी कोणाच्या खात्यात?

श्रावणी सोमवारी उस्मानपुऱ्यातून पहाटे निघालेली वाहने दौलताबाद मागे टाकून, खुलताबादचा घाट ओलांडून वेरूळला पोहोचतात, तेव्हा घृष्णेश्वराच्या दर्शनाची रांग लांबवर गेलेली असते. देवळापासून थोड्याच अंतरावर शिवालय तीर्थ आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. या दगडी, पायऱ्या-पायऱ्यांच्या कुंडाशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे. आज मात्र रांगेतील फारच थोडी पावले तिकडे वळतात. देव आणि पाणी यांची अशी फारकत होणे हा केवळ श्रद्धेचा प्रश्न नसून अर्थव्यवहाराचाही आहे.

वेरूळच्या लेण्यांना १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिकिटाच्या खिडकीवर जमणारा पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो. भाविकांचा खर्च फुले, प्रसाद, चहा-फराळ आणि वाहनतळ यांवर होतो. गावाला रोजगार मिळतो, आणि तो काही थोडा लाभ नव्हे. परंतु ज्या पाण्यामुळे या जागेस तीर्थ म्हणावयाचे, ते येते कोठून? ते मुरते वरच्या डोंगरात. म्हैसमाळच्या बाजूने येणारी येळगंगा पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्यापाशी धबधब्याने कोसळते, ती याच डोंगराची देणगी. पठारावरील झाडोरा गेला, जागोजागी विंधनविहिरी झाल्या, तर खालच्या झऱ्यावर त्याचा परिणाम व्हायचाच. तरीही वरच्या शेतकऱ्याने पाणी मुरू द्यावे म्हणून खालच्या बाजारातून त्याच्या हाती एक रुपयाही पडत नाही. लाभ एकाचा आणि झीज दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. ६० मीटरहून खोल विहीर शेती वा उद्योगासाठी खणण्यास त्यात मनाई आहे. पण विंधनयंत्र रात्रीचे येते आणि सकाळी निघून जाते, हे खेड्यातला शाळकरी मुलगाही सांगेल.

बालीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथील भातशेतीच्या ‘सुबक’ या पाणीसंस्था जलमंदिरांशी जोडलेल्या आहेत; कोणी केव्हा पाणी घ्यावयाचे, हे मंदिराच्या पंचांगानुसार सर्वांनी मिळून ठरते. तीर्ता एम्पुलच्या झऱ्यात पर्यटक भक्तिभावाने स्नान करतात. तेच पाणी पुढे शेतीला जाते. हरितक्रांतीच्या काळात, १९७० नंतर, सरकारने हे वेळापत्रक बाजूस सारून पिकामागून पीक घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा पाण्याचा मेळ बिघडला आणि किडीने भात फस्त केला. मग तज्ज्ञांनाही देवळाचे महत्त्व कळले! सुबक व्यवस्थेला २०१२ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांवर दीड लाख रुपिया कर बसवण्यात आला. हेतू संस्कृती व निसर्गाच्या जतनाचा. सर्वांकडून तो वसूल होत नाही, आणि भातखाचरांच्या जागी बंगले उठणेही थांबलेले नाही. तरीसुद्धा पाहुणा आणि पाणी यांचा हिशेब एकाच वहीत लिहिण्याचा प्रयत्न तेथे झाला आहे.

ही जाण मराठवाड्यास परकी नव्हती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली, ती डोंगरातले पाणी नहरीने शहरात आणूनच. पुढे पाणचक्कीतही डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर जाते फिरले. त्याच शहराने पुढे पन्नासेक किलोमीटरवरील जायकवाडीवर भिस्त ठेवली, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी मोर्चा निघाला.

वेरूळपुरता तरी आरंभ करता येईल. वाहनतळाच्या पावतीवर पाच-दहा रुपयांचा पाणीभार घ्यावा. तो ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा. त्यातून पठारावर समतल चर, बंधारे आणि गवताची कुरणे राखणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला मिळावा. जमाखर्चाचा फलक कुंडाच्या वाटेवर मराठीत लावावा. दुकानदार कुरकुरतील, हे गृहीत धरले पाहिजे. पण कुंड आटल्यास त्यांच्या गिऱ्हाइकीचे काय होईल, हेही त्यांना विचारावयास हवे. खरी अडचण निराळीच आहे. पुरातत्त्व खाते, देवस्थान, वनखाते आणि ग्रामपंचायत यांना एका टेबलाशी बसवावयाचे कोणी? जिल्हाधिकाऱ्यांना ते शक्य आहे, आणि पुढच्या श्रावणास अद्याप अवधी आहे.