जरा पाइप धर रे!

मुलांनो, मागच्या सोमवारी माझ्या चौथीच्या वर्गातला एक जण डावा डोळा लालबुंद करून आला. "काय रे, मारामारी केलीस?" मी विचारलं. तर म्हणाला, "नाही बाई. बाबा ग्राइंडरने पाइप कापत होते, मी दुसरं टोक धरलं होतं." डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. आईने डोळा चोळू दिला नाही, सरळ डॉक्टरांकडे नेलं, म्हणून निभावलं. मग मी वर्गाला विचारलं, "घरी ग्राइंडर कुणाकडे आहे?" नऊ हात वर! "आणि 'जरा धर रे' म्हणून कुणाला बोलावतात?" सात हात तसेच राहिले.

तेव्हा त्या दिवशी गणिताचा तास ग्राइंडरवरच झाला. चार इंची चकती म्हणजे व्यास १० सें.मी., परीघ सुमारे ३१.४ सें.मी. छोट्या ग्राइंडरवर ती मिनिटाला साधारण ११,००० वेळा फिरते. करा गुणाकार! तिची कड तासाला २०७ किलोमीटर वेगाने पळते. हायवेवरच्या एसटीच्या दुपटीहून जास्त! ठिणग्या फुलबाजीसारख्या गोड दिसतात, पण त्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. नंबरचा चष्मा त्यांना पुरत नाही, ते बाजूने शिरतात. चहूबाजूंनी बंद असलेला गॉगलच हवा, आणि तो बघणाऱ्यालासुद्धा.

आता पाइप धरण्याबद्दल. कापत असताना तुमचा हात जरा खाली-वर झाला, की कापलेली फट मिटते आणि चकती चिमटीत सापडते. मग ग्राइंडर उसळतो किंवा चकती फुटते. फुटलेले तुकडे बहुतेक चकतीच्या रेषेतच उडतात, आणि त्यातला कापणाऱ्याकडे येणारा तुकडा अडवायला ते लोखंडी कवच असतं. त्यालाच गार्ड म्हणतात. समोर उभ्या असलेल्या तुम्हाला मात्र कसला गार्ड?

एवढं शिकवून मी घरी आले, तर आमच्या पडवीत काय दिसावं? नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ग्राइंडरचा गार्ड खिळ्याला टांगलेला!

"अहो नाना, हा काढला कशाला?"

"अगं, तो आड येतो. सात इंची चकती बसत नाही त्यात."

बाहेर वर्गभर शहाणपण सांगणारी मी, घरात इतके दिवस तिकडे पाहिलंच नव्हतं. चकतीवर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेलं असतं. नानांचा चष्मा मागून घेऊन त्यांनाच वाचायला लावलं. सात इंचीवर होते ८,५००. ग्राइंडरवर लिहिलेले ११,०००. नाना पूर्वी पोस्टात होते, हिशेब त्यांना सांगावा लागत नाही. ते गप्प बसले. चकतीच्या मधल्या कड्यावर मुदतही छापलेली असते. ती केव्हाच संपली होती.

पालकहो, बाकीचं तुम्हाला ठाऊक असतंच, फक्त घाईत राहून जातं. चकती बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. बाजूचं हँडल लावून दोन्ही हातांनी धरावं. कापायची पातळ चकती आडवी घालून घासू नये. ओढणी, सैल बाही, थिनरचा डबा, सगळं लांब. आणि बटण बंद केल्यावरही चकती काही क्षण फिरतच असते, ती थांबेपर्यंत ग्राइंडर खाली ठेवू नये.

काल पडवीतून नानांची हाक आली, "बाळा, जरा पाइप धर रे!" आमचे चिरंजीव पळाले. मी पोळी तव्यावर टाकून उठणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "नको, राहू दे. तू तो क्लॅम्प शोधून आण, आणि आत जा."