मनाशी संवाद, माणसाशी संवाद

‘मनाचे श्लोक’ या २०५ श्लोकांच्या रचनेत समर्थ रामदास मनाला संबोधून बोलतात. मन म्हणजेच ‘मी’ नव्हे, हे अंतर त्या संबोधनातच आले. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी २००२ साली ग्रंथरूपाने मांडलेली सजगताधारित बोधनिक उपचारपद्धती अशाच अंतरावर उभी आहे. ‘मी निरुपयोगी आहे’ हा केवळ विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे रुग्ण आठ आठवड्यांच्या ध्यानाभ्यासातून ओळखू लागतो.

मात्र ही पद्धती मुळात नैराश्यातून सावरलेल्यांना ते पुन्हा जडू नये म्हणून घडवली गेली, याचा आपल्याकडे विसर पडतो. ऐन नैराश्यात असलेल्याला ‘ध्यान कर, बरे वाटेल’ एवढेच सांगणे आम्हांला निष्ठुरपणाचे वाटते. ध्यान साधले नाही, तर तो दोषही तो स्वतःच्याच माथी घेतो. अशा वेळी त्याचे ऐकून घेणारा दुसरा माणूस लागतो आणि तो मानसोपचारात भेटतो. विचाराकडे तटस्थपणे पाहणे ध्यान शिकवते. त्या विचाराचे मूळ कोणत्या दुःखात आहे, हे संवादातून उलगडते. म्हणून आधी श्रवण, मग साधना, असा क्रम आम्हांला इष्ट वाटतो.