जुळवून घ्यायची पाळी आता कॉलेजांची

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दर पावसाळ्यात हजारो मुलं-मुली एफ.वाय.ला प्रवेश घेतात. दिवाळीपर्यंत त्यांतली कितीतरी वर्गातून दिसेनाशी होतात. हजेरीपटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : मोबाईलने वाया गेली, शिस्त नाही, कॉलेज झेपत नाही, जुळवून घेता येत नाही. मी या भागात पहिल्या वर्षाच्या वर्गांवर वर्षानुवर्षं शिकवलं आहे आणि हे उत्तर खोटं आहे, असं स्वच्छ सांगतो. पहाटे उठून धारा काढणारं, डबा बांधून फाट्यावर उभं राहणारं अठरा वर्षांचं पोर जुळवून घेतंच आहे. जुळवून घेत नाहीत ती आपली कॉलेजं, आपले एसटी डेपो, आपलं विद्यापीठ आणि आपली घरं.

एसटीपासून सुरुवात करतो, कारण इथल्या एफ.वाय.च्या मुलाचा दिवस प्राचार्य ठरवत नाहीत, गाडी ठरवते. बारामती ते इंदापूर पन्नासएक किलोमीटर. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही रस्त्यावरची गावं. पण सगळी मुलं रस्त्यावर राहत नाहीत. ती आतल्या वस्त्यांवरून चालत किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून फाट्यावर येतात, आणि आधीच खचाखच भरलेली गाडी त्यांच्यासमोरून न थांबता निघून जाते. पहिलं लेक्चर बुडतं. रोज तेच लेक्चर बुडतं. मग हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली म्हणून त्याच मुलाचं नाव नोटीस बोर्डावर लागतं. ज्याने कॉलेजचं वेळापत्रक केलं त्याने पहिली गाडी किती वाजता पोचते हे एकदा तरी विचारलं होतं का? डेपो मॅनेजरला कॉलेज किती वाजता भरतं हे ठाऊक आहे का? एकाच गावातल्या या दोन कार्यालयांनी एक तास समोरासमोर बसून बोलायचं आहे. तेवढंही होत नाही.

मार्च 2024 मध्ये बारामतीत नव्या बसस्थानकाचं उद्घाटन झालं. इमारत मोठी आहे, चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण मुलाला घरी पोचवते ती गाडी. दुपारी बाराला तास संपतात आणि गावाकडची गाडी चार-पाचला लागते, तेव्हा मधले चार तास त्याने कुठे काढायचे? ग्रंथालयात बसायला जागा नाही, मेस परवडत नाही, मैदानावर ऊन. तो स्टँडवर बसतो आणि मोबाईल काढतो. त्याच्या हातातला मोबाईल सगळ्यांना दिसतो, रिकामे चार तास कुणाला दिसत नाहीत. 2021-22 च्या संपात एसटी महिनोन्महिने बंद होती. त्या काळात ज्यांचं शिकणं सुटलं, त्यांचा माग कुठल्या संस्थेने काढल्याचं मी पाहिलेलं नाही.

पासाचा हिशेब पाहा. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. बारावी झाली की ही सवलत संपते आणि इतर विद्यार्थ्यांसारखं एक तृतीयांश भाडं भरून पास काढावा लागतो. रक्कम शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. पण ज्या वर्षी घरात ‘आता पुरे झालं शिक्षण’ अशी भाषा सुरू होते, नेमकं त्याच वर्षी सरकार हात आखडतं. जून 2025 मध्ये एसटी महामंडळाने पास थेट शाळा-कॉलेजांत नेऊन देण्याची मोहीम काढली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मग पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला पास मोफत द्यायला आणि गाडीची वेळ कॉलेजशी जुळवायला नेमकं काय आडवं येतं?

मुलींबद्दल आणखी एक गोष्ट उघडपणे लिहिली पाहिजे, कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. स्टँडवर, गाडीत, कॉलेजच्या गेटबाहेर मुलींना त्रास होतो. मुलगी ते घरी सांगत नाही. तिला त्या पोरांची भीती असतेच, त्याहून मोठी भीती बापाची असते : कळलं की कॉलेज बंद. म्हणून ती गप्प राहते, बाजूने जाते, दुसऱ्या गाडीने जाते, एखादा तास सोडते. कॉलेजकडे तक्रार केली तर पहिला फोन पालकांना जातो आणि त्या एका फोनवर तिचं शिक्षण थांबतं. त्रास देणारा मात्र सोमवारी पुन्हा गेटवर असतो. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे, आणि विद्यार्थ्याची छेड काढणंही त्यात येतं. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, हे त्यात लिहिलेलं आहे. चौकशी टाळली तर त्या गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जाईल, हेही लिहिलेलं आहे. कायद्याने जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली आहे. आपण ती मुलीच्या घरावर ढकलतो.

सप्टेंबर 2024 च्या अखेरीस बारामतीतल्या एका कॉलेजच्या आवारात बारावीच्या विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला. दिवसाढवळ्या. नंतर बंदोबस्ताची चर्चा झाली, ओळखपत्रांची चर्चा झाली, पोलिसांनी शक्ती अभियान सुरू केलं. ते योग्यच होतं. पण पोरांमधलं भांडण एका दिवसात कोयत्यापर्यंत जात नाही. आधी धमक्या होतात, गट पडतात, कुणीतरी चार दिवस कॉलेजला येत नाही. हे ओळखणारं, त्या पोराला खुर्चीवर बसवून विचारणारं माणूस आपल्या किती आवारांत आहे? समुपदेशकाचं नाव माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्याच्या खोलीला कुलूप असतं.

आता वर्गात येऊ. विज्ञान शाखेतून आलेल्या कितीतरी मुलांनी अकरावी-बारावीत कॉलेजचा वर्ग पाहिलेलाच नसतो. प्रवेश कागदावर ज्युनिअर कॉलेजात, शिकणं नीट-सीईटीच्या क्लासमध्ये. या प्रकाराला ‘टाय-अप’ म्हणतात आणि तो सगळ्यांच्या संमतीने चालतो. दोन वर्षं त्या मुलाने फक्त पर्यायांवर खुणा केल्या. नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणून तो बी.एस्सी.ला आला, आणि इथे त्याला प्रयोगवही लिहायची आहे, चार पानी उत्तर लिहायचं आहे, नोट्स काढायच्या आहेत. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. वर ‘आपण नापास होऊन इथे आलो’ ही भावना त्याच्या मनात घट्ट बसलेली. त्याला उभं करायला पहिले दोन महिने लागतात. आपण त्याला पहिल्या दिवशी अभ्यासक्रमाची प्रत देतो आणि मोकळे होतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने या गोंधळात भर घातली. 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही ते लागू झालं. एका सत्राला 22 श्रेयांक, आणि त्यात मेजर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. निंबोडीच्या किंवा काटीच्या पोराला ही अक्षरं कोण उलगडून सांगणार? धोरण म्हणतं, विद्यार्थ्याला निवडीचं स्वातंत्र्य. प्रत्यक्षात प्राध्यापक जे उपलब्ध असतील तेच विषय असतात आणि प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून फॉर्मवर खूण करून देतो. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात दहा पर्याय, इंदापूरच्या बाजूला एक. एकच पर्याय देऊन त्याला निवड म्हणायचं, ही मुलांची फसवणूक आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची वाट या धोरणाने ठेवली आहे. ती कुणासाठी वापरली जाईल हे मला आत्ताच दिसतं : ज्या मुलीचं लग्न उरकायचं आहे तिच्यासाठी. एक वर्ष झालं, कागद मिळाला, बायोडेटा भरला.

शिकवायला कोण आहे, हेही विचारा. पहिल्या वर्षाचा वर्ग सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कच्चा. तो संस्थेतल्या सर्वांत अनुभवी माणसाकडे असायला हवा. पण कितीतरी ठिकाणी तो तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकाकडे असतो. त्याने नेट-सेट काढलेली असते, कुणी पीएच.डी. असतो, आणि घड्याळी तासांवर महिना काढतो. मानधन वेळेवर येत नाही आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्याला माहीत नसतं. ज्याचा स्वतःचा पाय टेकलेला नाही, त्याने दीडशे मुलांना आधार द्यावा अशी आपली अपेक्षा. त्या तरुणांना मी दोष देत नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी पदरमोड करून मुलांच्या परीक्षा फी भरल्या आहेत. दोष आहे तो वर्षानुवर्षं भरती रोखून धरणाऱ्या शासनाचा आणि शिक्षकांऐवजी नव्या कमानींवर पैसा घालणाऱ्या संस्थांचा.

भाषेचंही तसंच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल इंजिनिअरिंगच्या वर्गात गणिताला घाबरत नाही, वाक्याला घाबरतं. 2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजने मराठीतून वर्ग सुरूही केला. इथे अख्खा अभ्यासक्रम मराठीत करा असं मी म्हणत नाही. पहिले काही आठवडे संकल्पना मराठीत सांगा, मग इंग्रजी शब्दाकडे न्या. मराठीत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गात कुणाला हसू देऊ नका. याला कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही.

हे सगळं करायची सोय कागदावर आहे. यूजीसीने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रम आखून दिला. नव्या मुलांची संस्थेशी, शिक्षकांशी, एकमेकांशी ओळख व्हावी, त्यांचे कच्चे दुवे भरून निघावेत, हा त्याचा हेतू. एआयसीटीईने तर तीन आठवडे सांगितले आहेत. आपल्याकडे त्याचं काय होतं? सभागृह, दीपप्रज्वलन, शाल, नारळ, पदाधिकाऱ्यांचा सत्कार, दोन तासांची भाषणं, आणि कार्यक्रम झाला असा अहवाल. तीन आठवड्यांची गोष्ट एका सकाळीत संपते, आणि त्या सकाळी मुलाच्या तोंडून एक शब्दही बाहेर पडलेला नसतो. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक प्राध्यापकाकडे मेंटी म्हणून मुलं वाटून दिलेली असतात. समिती यायच्या आधी त्या वह्या रात्रीतून भरल्या जातात. आपला मेंटॉर कोण, हे त्या मुलाला पदवी घेईपर्यंत कळत नाही.

आता घरांकडे वळतो, कारण पालकांनाही सुटका नाही. पोराला कॉलेजात घातलं आणि रात्रीची लाईट आली की उसाला दारं धरायला त्यालाच उभं केलं, तर सकाळी आठच्या तासाला तो काय ऐकणार? ‘डिग्री लागते म्हणून नाव घालून ठेव आणि भरतीच्या अकॅडमीत जा’ हा सल्ला गावोगाव दिला जातो. पोलीस भरती, एमपीएससी ही स्वप्नं चुकीची नाहीत. पण कॉलेजला फक्त शिक्क्याचं ठिकाण समजणाऱ्या बापाने ‘कॉलेजात काही शिकवत नाहीत’ अशी तक्रार करायचा अधिकार गमावलेला असतो. मुलीला ‘वर्षभर बघू’ म्हणून पाठवणाऱ्या घराने तिला कधी निवांत शिकूच दिलेलं नाही. तिची प्रत्येक परीक्षा स्थळाच्या सावलीत होते.

यावर ज्येष्ठ मंडळींचं एक उत्तर तयार असतं : आम्ही अनवाणी चालत गेलो, कंदिलावर शिकलो, आमचा हात कुणी धरला? धरला होता. तुमच्यासाठी 1962 मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभं राहिलं, पुढे 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान आलं. शेतकऱ्याच्या पोराला पुणं गाठावं लागू नये म्हणून आधीच्या पिढीने पैसा आणि जमीन दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, कारण खेड्यातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय करावी लागते, हे त्यांना कळलेलं होतं. त्या माणसांनी मुलांकडे पाहून संस्था घडवल्या. आपण संस्थांकडे पाहून मुलं घडवू पाहतो. आणि ‘आम्ही टिकलो’ हे सांगायला फक्त टिकलेलेच उरतात. जे गळाले त्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जून उजाडण्याआधी दोन्ही तालुक्यांतल्या प्राचार्यांनी आणि डेपो मॅनेजरांनी एकत्र बसून गाड्या आणि तास जुळवावेत. दुपारच्या रिकाम्या वेळेत ग्रंथालय उघडं असावं आणि तिथे बसायला जागा असावी. दीक्षारंभ पूर्ण तीन आठवडे व्हावा आणि त्यात एकही सत्कार नसावा. मुलीच्या तक्रारीवर तिच्या संमतीशिवाय घरी फोन जाऊ नये. पहिल्या वर्षाचा वर्ग संस्थेतल्या सर्वांत जाणत्या शिक्षकाने घ्यावा.

आणि एक आकडा जाहीर करावा. प्रत्येक कॉलेजच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर छापलं जावं : गेल्या वर्षी एफ.वाय.ला किती आले, त्यांतले एस.वाय.ला किती पोचले, न आलेल्यांत मुली किती, आणि त्यांच्या घरी संस्थेतून कोण, केव्हा जाऊन आलं. गुणवत्ता यादीत आलेल्यांचे फोटो चौकात फ्लेक्सवर लावता, तर गळालेल्यांचा हिशेबही द्या. जी संस्था हा आकडा छापायला तयार नाही, तिने मुलांना जुळवून घ्यायचा उपदेश करू नये.