'इको'ची पाटी लावली म्हणून डोंगर थांबत नाही

महाबळेश्वर-पाचगणीकडे सध्या जिकडे बघावं तिकडे 'इको' रिसॉर्ट. गच्चीवर सोलर, दारात बांबूची कमान, पाटीवर हिरवं पान. आणि मागे? जेसीबीने उभा कापलेला डोंगर.

बातमीसाठी अशा साइटवर गेलो की मी एकच विचारतो : उतार किती कापला आणि पाणी कुठून जाणार? उत्तर येतं, "वॉल बांधतोय ना!" अहो, पण पाणी बाहेर पडायला वॉलमध्ये भोकंच ठेवली नाहीत, तर मागे साठलेलं पाणी ती ढकलणारच.

इथे वर सच्छिद्र जांभा, खाली काळा कातळ. मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि झरा होऊन बाहेर येतं. त्यावर खालची वाडी उन्हाळा काढते. उतार चुकीच्या जागी कापला की झरा रिसॉर्टच्या गटारात आणि वाडीच्या नशिबी टँकर. हे कुठलं 'ग्रीन' सर्टिफिकेट मोजतं?

काहीजण म्हणतील, मग आम्ही कुडाच्या घरातच राहायचं का? अजिबात नाही. पक्कं घर, रोजगार, सगळं हवंच. वाद आधुनिक बांधकामाशी नाही. शहरातला प्लॅन उचलून डोंगरावर ठेवण्याशी आहे. महाबळेश्वरात वर्षाला सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे सपाट स्लॅब टाकायचा आणि गळला की वर पत्र्याची शेड मारायची, ही कसली आधुनिकता?

इमारत उताराबरोबर टप्प्याटप्प्याने उतरवा, शक्य तिथे खांबांवर उचला. छपराला चांगला उतार द्या, पागोळ्या भिंतीपासून लांब पडू द्या. लॉरी बेकर पिथौरागडच्या डोंगरात गावकऱ्यांच्या दगडी घरांकडून शिकले आणि पुढे केरळात त्याच विचाराने बांधत राहिले. आपल्या इंजिनिअरांना लाज कसली वाटते?

इर्शाळवाडीत ना रिसॉर्ट होतं, ना जेसीबी. तरी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. हात न लावता सह्याद्री असा खाली येतो आणि आपण त्याचा पायथा कापतोय!

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कायदा कागदावर आहेच. पुढचा प्रस्ताव ग्रामसभेत आला की आधी विचारा : किती कापणार, पाण्याची वाट कुठली, सांडपाणी झऱ्याच्या वर की खाली? नकाशावर दाखवल्याशिवाय हात वर करू नका. पाहुणे सोमवारी घरी जातात. दरडीखाली राहतो आपण.