सायरसची समाधी आणि सत्तेची अस्वस्थता
इराणच्या फार्स प्रांतातील पासार्गाद येथे हखामनी साम्राज्याचा संस्थापक सायरस याची समाधी आहे. युनेस्कोने २००४ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. २००७ मध्ये जवळच्या सिवंद धरणात पाणी अडविण्यास प्रारंभ होताच, वाढत्या आर्द्रतेमुळे चुनखडीच्या या वास्तूची झीज होईल, अशी भीती व्यक्त झाली. सरकारने शेतीच्या पाण्याची गरज पुढे केली. मात्र पेच केवळ पाण्याचा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये हजारो नागरिक समाधीपाशी जमले, सत्ताविरोधी घोषणा झाल्या आणि पाठोपाठ अटकसत्र सुरू झाले; २०१७ मध्ये तर तेथे जाणारे रस्तेच अडविण्यात आले. इस्लामपूर्व वारसा पर्यटनापुरता राजवटीला चालतो. जनतेच्या अभिमानाचे प्रतीक बनताच तो खुपतो. त्यामुळे या समाधीचे जतन हा आता निव्वळ पुरातत्त्वाचा विषय उरलेला नाही.