खडाखडीचा धडा

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला पाटोदा हा बीड जिल्ह्यातील एक तालुका. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यात होतो. परंतु पाऊस बेभरवशाचा असल्याने दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी घराबाहेर पडतात. याच पाटोद्याच्या राहुल आवारे या मल्लाने एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक मिळविले. अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीवर १५-७ अशी मात केली.

कुस्तीतील गुण कसे मिळतात, हे पाहिले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उलगडतो. प्रत्येकी तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, असा सामना असतो. उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याचा ताबा मिळविला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले तर एक. मात्र पट काढण्यापूर्वी किंवा ढाक लावण्यापूर्वी जे घडते, तेच बहुधा निकाल ठरविते. सलामी झाली की मल्ल एकमेकांचे मनगट, कोपर आणि मान यांची चाचपणी करतात. आपल्याकडे यालाच खडाखडी म्हणतात. अजाण प्रेक्षकाला ती वेळकाढूपणा वाटते; जाणकार मात्र त्याच वेळी डोळे ताणून पाहतो.

हीच विद्या सातासमुद्रापलीकडे फिलिपिन्समध्येही आहे. तेथील आर्निस ही काठी आणि हातांची युद्धकला २००९ च्या कायद्याने त्या देशाचा राष्ट्रीय खेळ ठरली. अशा युद्धकलांच्या परंपरेतील उभ्याने झटापट करण्याच्या अंगाला दुमोग म्हणतात. शस्त्रधारी माणसासमोर जमिनीवर लोळणे जिवावर बेतू शकते. म्हणून दुमोगचा भर आपण उभे राहून समोरच्याचा तोल घालविण्यावर असतो. हात ओढणे, खांदा ढकलणे, मानेवर भार देऊन डोके एका बाजूस वळविणे, ही त्याची साधने. डोके जिकडे वळते तिकडे शरीर जाते, हे त्यामागील साधे सूत्र.

सरावाच्या लढतीत याचा उपयोग कोठे होतो? ठोसे आणि लाथा यांना अंतर लागते. दोघे एकमेकांना भिडले की ठोशाचे बळ निम्मे होते आणि पकडीचे वाढते. ज्याला पकड ठाऊक नाही, तो अशा वेळी गोंधळून अंधाधुंद हात चालवितो. ज्याला ठाऊक आहे, तो प्रथम समोरच्याचे मारणारे मनगट रोखतो, दुसऱ्या हाताने कोपराच्या वर पकड घेतो, तो हात छातीसमोरून आडवा ओढतो आणि स्वतः बाजूला सरकतो. समोरच्याचे दोन्ही पाय एका रेषेत आले की तोल ढळतो. मग पाडायचे, की केवळ धरून ठेवायचे, हे पकडणाऱ्याच्या हाती उरते.

हा शेवटचा मुद्दा पालकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. दुकानातील गर्दी, शाळेचे आवार, बसमधील धक्काबुक्की, अशा ठिकाणी मुलाच्या हातून ठोसा गेला तर दात पडतो, पोलीस ठाणे आणि दवाखाना दोन्ही मागे लागतात. धरून ठेवलेल्या माणसाला मात्र इजा न होता राग ओसरण्यास अवधी मिळतो. तरीही ही विद्या चित्रफिती पाहून शिकण्याची नव्हे. मान हा नाजूक अवयव आहे. तिला झटका देणे सरावात वर्ज्य असावे. जाणता वस्ताद, मऊ मॅट किंवा तालमीची माती, साधारण समान वजनाचा जोडीदार आणि समोरच्याने थोपटताच पकड सोडण्याची शिस्त, एवढी तजवीज नसेल तर सुरुवातच करू नये.

आवारेचा प्रवासही खडाखडीसारखाच झाला. वडील स्वतः पैलवान. पुण्यात रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्याला घडविले. त्यांच्या निधनानंतर काका पवार यांचे मार्गदर्शन लाभले. २००८ मध्ये पुण्यातील युवा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळाले, परंतु मोठ्या स्पर्धेतील सुवर्णासाठी आणखी दहा वर्षे थांबावे लागले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला त्याच्या वजनगटातून दुसरा मल्ल गेला. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर अनेक जण आखाडा सोडतात; त्याने पकड सोडली नाही. २०१८ च्या सुवर्णानंतर २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्य आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार त्याच्याकडे आला.

पेढीवर बसणाऱ्यांना हे सांगण्याची आवश्यकता नसावी. मंदीत घाईने माल फुंकून टाकणारा आणि भावाचा अंदाज घेत पाय रोवून उभा राहणारा, यांतील भेद ते रोज पाहतात. घरातील मुलाने किंवा मुलीने तालमीत जाण्याचा हट्ट धरला, तर नकार देण्यापूर्वी एकदा संध्याकाळी तेथे जाऊन वस्तादांचे शिकविणे पाहावे. पाडण्याआधी ते तोल सांभाळणे शिकवीत असतील, तर मूल योग्य ठिकाणी चालले आहे.